समुद्र भाड्याने दिला आहे

पंचवटीत शिरलो आणि अडकलो.
मागे गुजरातच्या तीन बस, पुढे उसाच्या रसाचं गाडं,
मध्ये आमचा टेम्पो, एमएच शून्य आठ,
बारा वर्षं बर्फ आणि सुरमई वाहिलेला,
आता घर झालेला.
दोन फळ्यांचे दोन पलंग, शेगडी,
खिडकीला जुन्या साडीचा पडदा
आणि कोपऱ्यात शंभर लिटरची टाकी. रिकामी.

शिट्टीवाला पोरगा काचेवर थाप मारतो,
"टेम्पो इथं नाय, काका. माल कुठं उतरवायचाय?"
हे म्हणतात, "माल आम्हीच."
पोरगा आत डोकावतो,
लसणीची माळ बघतो, माझी घडी केलेली गोधडी बघतो,
मग नाक पुसतो, उगीचच.
तीनदा फिनेलनं धुतला, ऊद घातला,
कडुनिंबाचा पाला जाळला आत कोंडून,
तरी बांगडा गेला नाही.
"देवाचं गाव आहे, मावशी," तो हळूच म्हणतो. "पुढं घ्या."

पुढं घेतली. अजून पुढं घेतली.
पडदा सारून बघितलं तेवढंच रामकुंड:
ओल्या धोतरांच्या पिळ्या, नुकतं मुंडण झालेलं, रडणारं पोर,
आणि फोटोसाठी नदीकडे पाठ करून उभं
एक अख्खं कुटुंब.
पाण्याकडे पाठ! हे मला ओळखीचं.
हर्णैच्या पुळणीवर अशाच उभ्या राहतात माणसांच्या रांगा
आणि मी भाकरी थापता थापता खिडकीतून म्हणते,
अरे मागे बघा, केवढी आली ती!
आता मीच म्हटलं, "थांबवा की, एक फोटो."
यांनी नाही थांबवली. तीन बस होत्या ना मागे.

भांडीबाजारात पितळी पातेल्याचा भाव केला.
दुकानदार म्हणाला, "सीझन आहे, ताई."
सीझन.
माझा शब्द, माझ्याच आवाजात,
खोलीचे अडीच हजार सांगताना मी वापरते तो,
तसाच मान थोडी वाकडी करून.
पातेलं घेतलं. घासाघीस केली नाही.

रात्री मखमलाबादला एका द्राक्षबागेच्या कडेला
इंजिन बंद केलं, तर बॅटरीचा झोत घेऊन बाई आल्या,
प्रमिला पिंगळे, डोक्याला रुमाल, पायात मुलाचे बूट.
"कोण हाये?"
सांगितलं सगळं. टाकीचंही.
"हर्णैचे? समुद्र हाये ना तुमच्याकडं?
मग इकडं कशाला आले?"
"समुद्र भाड्यानं दिलाय," मी म्हटलं,
"दोन तारखेपर्यंत. घरासकट."
त्या इतक्या हसल्या की बागेतलं कुत्रं उठलं.

मग मी विचारलं, "पाणी कधी येतं?"
"सहाला. पाऊण तास. लवकर उठा."

जेवायला बसलो तर फोन. घरातून.
म्हणजे घरात राहिलेल्या मॅडमचा.
गीझर नाही, चादर नाही, मला वाटलं तक्रार असणार.
"काकू, उद्या पाणी कधी येतं? मुलांना बघायचंय."
मी यांच्याकडे बघितलं.
यांनी हातातला घास ताटात ठेवला,
बोटाची पेरं मोजली, वर अर्धा चंद्र बघितला
द्राक्षांच्या तारांमधून,
"उद्या अष्टमी. आठ पाऊण सहा."
"सहाला," मी फोनमध्ये सांगितलं. "लवकर उठा."

पहाटे नळ आधी खोकला,
मग नुसती हवा, मग तांबूस, मग पाणी.
मी पाइप धरून उभी. थंडीनं बोटं गेलेली.
टेम्पोच्या पायरीवर पिंगळ्यांची मांजर येऊन बसली होती,
डोळे मिटून वास घेत,
कालपासूनची पहिलीच, जिला आम्ही आवडलो.
आत टाकी भरू लागली,
गुळगुळ, मग खोल, मग वर वर चढत,
आणि हे झोपेतच ओरडले,
"होडी वर घे गो!"